चित्राची उलटतपासणी

अमेरिकेतील शाळकरी मुलांसाठी ‘नॅशनल हिस्टरी डे’ नावाची जी इतिहासस्पर्धा दरसाल भरते, तिच्यात माहितीपटाला दहा मिनिटांची मुदत असते आणि निवेदन व संकलन मुलांनी स्वहस्ते करावे असा दंडक असतो. त्यामुळे माझ्यासारख्या पेशाने संकलक असलेल्या मार्गदर्शकाला त्यांच्या यंत्राला हात न लावता केवळ प्रश्न विचारण्याची मुभा उरते, आणि नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारासारखा विषय पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी हाती घेतला म्हणजे हे बंधन मला वरदानच वाटते.

कारण या विषयाची चित्रे निर्मळ नाहीत. संहारकाळातील पुष्कळसे चित्रण संहारकांच्याच हुकमाने झाले आहे: १९४२ च्या मे महिन्यात वॉर्साच्या घेट्टोत जर्मन पथकाने केलेले चित्रीकरण घ्या, किंवा १९४४ साली टेरेझीन येथे कुर्ट गेरॉन या ज्यू कैद्याकडून करवून घेतलेला प्रचारपट घ्या, जो पुरा होण्याआधीच त्याला ऑश्विट्झला धाडून ठार मारण्यात आले. असली चित्रे मुलांना सहज सापडतात, आणि शोकाकुल निवेदनाखाली ती अंथरण्याचा मोहही तितकाच सहज होतो.

म्हणून मी त्यांना वेस्टरबोर्कच्या एका शॉटपाशी थांबवतो. नेदरलंड्समधील या छावणीतून सुमारे एक लाख ज्यू पूर्वेकडे रवाना झाले. तिचा अंमलदार गेमेकर याच्या आज्ञेवरून रुडॉल्फ ब्रेसलाउअर या कैदी छायाचित्रकाराने १९४४ मध्ये तेथील व्यवहार चित्रित केला, आणि त्यात मालगाडीच्या दारातून बाहेर पाहणारी, डोक्याला फडके गुंडाळलेली एक मुलगी क्षणभर दिसते. दीर्घकाळ जगाने तिला अनामिक ज्यू मुलगी मानले, आणि त्याच नात्याने तिचा चेहरा वारंवार छापला व दाखवला. पुढे आद वाखेनार या डच पत्रकाराने तिचा शोध आरंभला. चित्रणातल्या एका पेटीवरचे नाव व जन्मतारीख दफ्तरातील नोंदींशी ताडता ती गाडी १९ मे १९४४ ची ठरते, आणि त्या गाडीत ज्यूंबरोबर सिंती व रोमा या ‘जिप्सी’ म्हटल्या जाणाऱ्या समाजांची कुटुंबेही होती; अखेर १९९४ साली, त्याच प्रवासातून वाचलेल्या एका सिंती स्त्रीच्या साक्षीवरून, मुलीची ओळख पटली. सेटेला स्टाइनबाख, वय वर्षे नऊ, जात्या सिंती. छावणीत आणताच केस कापले गेले होते, म्हणून ते फडके. ऑश्विट्झमध्ये ती मारली गेली.

हा तपशील ऐकल्यावर मुलांची बोटे की-बोर्डवर मंदावतात. साठ लाख ज्यू बळींचा आकडा त्यांनी पुस्तकात वाचलेला असतो व परीक्षेत लिहिलेलाही असतो. परंतु कट कुठे द्यायचा हे ज्याला स्वतः ठरवावे लागते, त्याला चित्र कोणी घेतले, कोणाच्या हुकमाने घेतले आणि चौकटीबाहेर काय ठेवले याचे उत्तर द्यावे लागते, आणि ही जबाबदारी कोवळ्या वयात अंगावर पडणे मला इतिहासशिक्षणाचे सारसर्वस्व वाटते. सेटेलाचा शॉट दाखवण्यापूर्वी ब्रेसलाउअरचे नाव सांगावे की नंतर, यावर मुले कडाक्याने भांडतात. आधी सांगावे, या पक्षाचा मी आहे: कॅमेऱ्यामागचा तो मनुष्यही पुढे ऑश्विट्झला पाठवला गेला आणि युद्धसमाप्तीपूर्वी मरण पावला, हे ठाऊक असलेला प्रेक्षक त्या मुलीकडे निराळ्या नजरेने पाहतो. मात्र निवेदनाची ही दोन वाक्ये दहा मिनिटांत बसवायची, तर दुसरे काही काढावे लागते. एका गटाने त्यासाठी व्हायोलिनच्या सुरांवर रचलेला आपला सारा आरंभ काढून टाकला.