जर्मनीतली तळी, रविवारची फुरसत आणि आपण

जर्मनीहून आल्यावर आमच्या अभ्यासवर्गातल्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारलं, "ताई, तुम्ही तिकडच्या तळ्यांचे फोटो टाकता. लोक पोहतायत, उन्हात लोळतायत. आपल्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येतं. हे आपले विषय आहेत का?" प्रश्नात टोमणा नव्हता, म्हणून उत्तर सविस्तर लिहिते.

माझ्या मते, आहेत. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, याचा हिशेब मांडणाऱ्या 1945 च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली. कारण यंत्राने माणसाला फुरसत मिळू शकते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही. फुरसत ही त्यांच्या लेखी चैन नव्हती. आपण मात्र मोर्चा, जयंती, अभ्यासवर्ग यांत इतके गुंतलो की नुसतं पाण्याकाठी बसलेला माणूस आपल्याला गुन्हेगार वाटू लागतो.

सामाजिक कार्यकर्त्यांच्या एका देवाणघेवाण कार्यक्रमात मी तीन महिने बर्लिनजवळ होते. बर्लिनभोवतीच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात तीन हजारांहून जास्त तळी आहेत. हिमयुगातल्या हिमनद्या वितळल्या आणि खोलगट जागी पाणी राहिलं, ही त्यांतल्या बहुतेकांची जन्मकथा. रविवारी सकाळी लोकल गाडी सायकली, पिशव्या, पोरं आणि कुत्री यांनी भरून जाते. तासाभरात एखाद्या खेड्याच्या स्टेशनवर उतरायचं, पाइनच्या झाडीतून चालायचं, की समोर तळं. काही ठिकाणी तिकीट असतं, तिथे कपडे बदलायच्या खोल्या आणि जीवरक्षक असतात. बाकी ठिकाणी नुसता काठ आणि एक फलक. तळ्याच्या पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू किती आहेत, याची हंगामात नियमित तपासणी होते. युरोपीय संघाचा तसा 2006 चा निर्देशच आहे आणि देशभर अशी सुमारे 2,300 ठिकाणं नोंदलेली आहेत. लोक घरून पाव, उकडलेली अंडी, थर्मासमध्ये कॉफी आणतात. टॉवेल गुंडाळून त्याच्या आत कपडे बदलण्याचं त्यांचं कसब बघण्यासारखं. काही काठांवर तर तेही कष्ट घेत नाहीत. पूर्व जर्मनीत नग्न स्नानाची जुनी रीत आहे. तिथे मी आणि माझी केरळची सहकारी बराच वेळ झाडांच्या शेंड्यांचं निरीक्षण करत होतो.

कोणी विचारलं नाही, तू कोणाची, कुठून आलीस, पाण्यात का उतरतेस. महाडच्या लेकीला ही गोष्ट साधी वाटत नाही. पण एवढ्यावरून "बघा, तिकडे किती समता" असं लिहिणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं.

बर्लिनच्या पश्चिमेला वानझे नावाचं मोठं तळं आहे. तिथे 1907 पासून सार्वजनिक स्नानाची परवानगी आहे. किनारा सव्वा किलोमीटरहून लांब, कामगार वस्त्यांतली माणसं इथे लोंढ्याने येत. 1933 साली, हिटलर सत्तेवर आल्यावर काही महिन्यांतच, ज्यूंना तिथे स्नानबंदी झाली. लक्षात घ्या, गोळ्या आणि वायुकोठड्या नंतर आल्या. आधी पाणी बंद झालं, मग बाग, मग बाक. त्याच तळ्याच्या दुसऱ्या काठावरच्या बंगल्यात 20 जानेवारी 1942 रोजी 15 अधिकारी बसले आणि युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी त्यांनी पक्की केली. आज तो बंगला स्मारक आहे.

उत्तरेला फ्युर्स्टनबेर्ग हे गाव तीन तळ्यांच्या मधे वसलेलं. यातल्या श्वेटझे तळ्याच्या काठावर राव्हेन्सब्र्युक ही स्त्रियांची छळछावणी 1939 मध्ये सुरू झाली. एक लाखाहून जास्त स्त्रिया तिथे डांबल्या गेल्या. ज्यू, रोमा, राजकीय कैदी. जाळलेल्या देहांची राख या तळ्यात टाकली जाई. मी गेले तेव्हा स्मारकाच्या काठावर शाळेची मुलं उभी होती, शिक्षिका सांगत होती, आणि दूरवर कोणाची तरी होडी चालली होती. तिथलं पाणी दिसायला इतर तळ्यांसारखंच आहे.

मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे गावोगाव विहिरी, बारव, तळी आहेत. पुरातत्त्व खात्याचा फलक असला तर कोणत्या राजाने बांधली ते लिहिलेलं असतं. या पाण्याला कोणाला हात लावू दिला जात नव्हता, ते एकाही फलकावर मी वाचलेलं नाही.

आता कायद्याचं. बव्हेरिया राज्याची 1946 ची राज्यघटना, कलम 141, म्हणते की निसर्गाचा आनंद घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे; डोंगर, तळी, नद्या यांच्याकडे जाण्याच्या वाटा खुल्या ठेवणं, गरज पडल्यास मालकी हक्कावर मर्यादा घालून त्या खुल्या करणं, हे राज्याचं आणि गावांचं कर्तव्य आहे. आपल्या संविधानाचं कलम 15(2) विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून नाकारू देत नाही. दोन्ही कलमं तीन-चार वर्षांच्या अंतराने आली. पण एकात माणूस डोंगर बघायला निघाला आहे, दुसऱ्यात तो अजून पाणवठ्यावरच अडवला गेला आहे.

बव्हेरियाचं कलम असूनही तिथल्या श्टार्नबेर्ग तळ्याचा बराच काठ धनिकांच्या बंगल्यांमागे आहे. पॉट्सडामच्या ग्रीबनिट्झ तळ्याकाठी तर गंमतच झाली. बर्लिनच्या भिंतीच्या काळात तिथे सीमारक्षकांची गस्तीची वाट होती. भिंत पडल्यावर लोक त्या वाटेने फिरू लागले. 2009 मध्ये काही जमीनमालकांनी कुंपणं घालून ती अडवली. वांडलिट्झला अख्खं तळंच 2003 साली खासगी खरेदीदाराला विकलं गेलं आणि मग काठावरच्या रहिवाशांकडे धक्क्यांसाठी पैशांची मागणी सुरू झाली. लोक चिडले, याचिका झाल्या, तेव्हा सरकारी जमीन कंपनीला तळ्यांची विक्री थांबवावी लागली.

आमचे काही डावे मित्र इथे लगेच म्हणतील, बघा, सगळीकडे मूळ प्रश्न मालमत्तेचाच. मला ते पटत नाही. ग्रीबनिट्झचं कुंपण पैसेवाल्याला अडवत नाही. चवदार तळं नगरपालिकेचं होतं, 1924 मध्ये ते खुलं करण्याचा ठरावही झाला होता, जनावरं तिथे पाणी पीत होती. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला आणि त्यानंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. जन्मावरून पाणी नाकारणं याला जर्मनीतलं साम्य 2009 मध्ये नाही, 1933 मध्ये सापडतं.

आणखी एक कुंपण डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे पोहता येणं. जर्मनीत लहान मुलांना 'झेफर्डशन', म्हणजे समुद्रघोडा, नावाचा बिल्ला मिळतो. पाण्यात उडी मारायची, 25 मीटर पोहायचं, खांद्याएवढ्या पाण्यातून वस्तू वर काढायची. पण 2022 च्या पाहणीत प्राथमिक शाळेतल्या दर पाच मुलांपैकी एकाला पोहता येत नव्हतं, आणि कमी उत्पन्नाच्या घरांत हे प्रमाण जवळपास निम्मं होतं. सीरिया, अफगाणिस्तानातून आलेल्या बायका काठावर सतरंजी टाकून बसलेल्या मी पाहिल्या. पोरं गुडघाभर पाण्यात, आया काठावरून हाका मारतायत. त्या हाका मला ओळखीच्या वाटल्या. माझ्या गावात पाटलांची पोरं पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. आमच्या वस्तीतल्या पोरांना विहीर नव्हती, पावसाळ्यातला ओढा होता. मुलींना तोही नव्हता. माझे वडील आयुष्यभर कंबरेपुढे पाण्यात गेले नाहीत. मीही तिथे कंबरेपर्यंतच गेले.

त्या कार्यकर्त्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग करायचं काय?" आमच्या तालुक्याच्या गावी नगरपरिषदेचा जलतरण तलाव आहे. महिलांसाठी एक तास आहे, तो सकाळी सहाचा, आणि महिन्याची फी आमच्या बायकांच्या दोन दिवसांच्या मजुरीहून जास्त. वस्तीतल्या 14 मुलींची नावं घालून आम्ही संध्याकाळच्या वेळेसाठी आणि फी माफीसाठी अर्ज दिला आहे. पोच मिळाली आहे. अर्जात कलम 15 चा उल्लेख त्या कार्यकर्त्यानेच टाकला.