भग्न बुरुजापाशी सांगितलेली कथा

अद्भुत कादंबरी वाचताना लक्ष साहजिकच तिच्यातील नवलाकडे जाते, परंतु जे. आर. आर. टोल्किन यांच्या १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे खरे ऐश्वर्य तिच्यातील पडझडीत आहे. तिच्यातील प्रवासी ज्या वाटांनी जातात, त्या वाटांवर ओस नगरे आणि ढासळलेले बुरूज उभे असतात, आणि त्यांचा इतिहास क्वचितच पूर्ण सांगितला जातो.

टोल्किन ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे, म्हणजे नॉर्मन विजयापूर्वीच्या इंग्रजीचे, प्राध्यापक होते. त्या भाषेतील कवी रोमनांनी मागे ठेवलेल्या दगडी वास्तूंना ‘एंट’ची, म्हणजे महाकायांची, करणी म्हणत. नाशिकच्या सातवाहन-क्षहरातकालीन बौद्ध लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणणाऱ्या लोकमनाचा व्यापारही हाच आहे. कर्ता विस्मृतीत गेला की वास्तू पुराणकथेच्या स्वाधीन होते. टोल्किन यांनी तो शब्द उचलला आणि त्यातून वृक्षांची राखण करणारी, आपल्या स्त्रिया हरवल्यामुळे वंश खुंटलेली एंट जमात घडवली. शब्दाच्या अवशेषावर उभे राहिलेले हे पात्र म्हणूनच इतके करुण आहे.

पहिल्या खंडात वेदरटॉप या टेकडीवर प्राचीन टेहळणी बुरुजाचे अवशेष आहेत, आणि त्या टेकडीच्या कुशीत, अंधार दाटत असताना, प्रवाशांपैकी अ‍ॅरागॉर्न हा बेरेन व लूथिएन यांच्या प्रेमकथेचा केवळ एक तुकडा गातो. ‘बेवुल्फ’ या प्राचीन काव्यावरील १९३६ च्या व्याख्यानात टोल्किन यांनी ज्या गुणाचा गौरव केला होता, तो भूतकाळाच्याही मागे आणखी भूतकाळ असल्याचा आभास, येथे त्यांनी स्वतः साधला आहे. या जागी घाईने पुढचे पान उलटणारा वाचक कथानक गाठतो, पण कादंबरी गमावतो. रसिकाने येथे थांबावे, न सांगितलेल्याचे वजन जाणवू द्यावे.

हे न सांगितलेले उघड केले तर त्याची मोहिनी उरेल का, ही शंका टोल्किन यांनाही होती. त्यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये पुत्र ख्रिस्तोफर यांनी संपादित केलेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये ती कथा सलग आली, मात्र तेथेही ती एका दीर्घ गीताचा गद्य संक्षेप म्हणूनच सांगितली जाते. ते गीत १९८५ मध्ये छापले गेले, तेव्हा ते अपूर्ण होते.