गोधडी निर्दोष आहे!

सोमवारी सकाळी दंडावर तीन लाल गांधी. एका ओळीत, टिंब टिंब टिंब. डास, दुसरं काय! मशीनमध्ये नवं लिक्विड घातलं, खिडक्या लावल्या आणि ऑफिसला पळाले. गुरुवारपर्यंत गांधी अकरा झाल्या. क्लायंट मीटिंगमध्ये मी फुल बाह्यांचा कुर्ता घालून बसले होते आणि टेबलाखाली कराकरा खाजवत होते. नवरा मात्र ठणठणीत. ‘तुझं रक्त गोड असेल,’ हे त्याचं निदान.

शनिवारी चादर बदलताना शिवणीजवळ बारीक काळे ठिपके दिसले. जणू कुणी पेन टेकवून टेकवून उचललंय. मग रात्री तीन वाजता मोबाइलचा टॉर्च घेऊन गादीचा कोपरा उलटला. सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तांबूस... आणि चालत होता. ढेकूण!

आमच्याकडे? बाणेरमध्ये, नवव्या मजल्यावर, दर शनिवारी डीप क्लीनिंग करणाऱ्या माझ्या घरी? मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. रविवारी मित्रमैत्रिणी जेवायला येणार होते, त्यांना ‘बरं वाटत नाहीये’ असा मेसेज टाकला. आणि लगेच आरोपी शोधला. दिवाळीत सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेली गोधडी!

गोधडी त्यांनी स्वतः शिवली होती. त्यांच्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे, मधोमध नवऱ्याच्या शाळेच्या शर्टाचा निळा चौकोन. मी ती काळ्या पिशवीत कोंबली, गाठ मारली आणि बाल्कनीत टाकली. ‘आई आल्या आणि त्यानंतरच सुरू झालं,’ मी म्हणाले. नवरा काही बोलला नाही. पुढचे दोन दिवसही बोलला नाही.

मधल्या काळात मी जे जे करू नये ते सगळं केलं. सुपरमार्केटमधला स्प्रे आणून गादीवर मारला. अशा स्प्रेमधल्या पायरेथ्रॉइड औषधांना बरेच ढेकूण आता सरावलेत. जे मरत नाहीत, ते फक्त पांगतात. मग मी उशी उचलून हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला गेले. ढेकूण उडत नाही, उडीही मारत नाही, पण माणसाची ऊब आणि श्वास त्याला बरोबर कळतो. आठवड्यात तो सोफ्यातही सापडला.

शेवटी पेस्ट कंट्रोलवाल्या काकांना बोलावलं. मला वाटलं, आल्या आल्या फवारणी सुरू करतील. त्यांनी मागितला स्क्रूड्रायव्हर. पलंग भिंतीपासून ओढला, गुबगुबीत हेडबोर्ड सोडवला आणि उलटा केला. मागच्या फटीत काळे ठिपके, पारदर्शक काती आणि खसखशीएवढी पांढरी अंडी.

‘ताई, पलंग सेकंडहँड आहे का?’

होता. दिवाळीच्याच आठवड्यात ऑनलाइन जाहिरात बघून मी तो घेतला होता. ‘विंटेज पीस’ म्हणून फोटोही टाकले होते, लाइक्सही मिळाले होते. काकांनी बाल्कनीतली पिशवी उघडून गोधडीची शिवण न् शिवण तपासली. काही नव्हतं.

‘आणि तुमच्या मिस्टरांनाही चावतच असणार,’ काका म्हणाले. ‘पुष्कळांच्या अंगावर खूणच उठत नाही.’ गोड रक्ताचा विषय तिथेच संपला.

पुढचा महिना शिस्तीत गेला. चादरी, अभ्रे, कपडे, सगळं ६० अंशांच्या पाण्यात. शिवणींवर व्हॅक्यूम आणि त्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून बाहेर. फटींना वाफ, मग काकांचं औषध. गादीला चेन असलेलं बंद कव्हर. पलंग भिंतीपासून दूर, चादर जमिनीला टेकता कामा नये. झोपायचं मात्र त्याच पलंगावर! खोली बदलली की तेही मागोमाग येतात. अंड्यांवर औषध फारसं चालत नाही, म्हणून पंधरा दिवसांनी दुसरा राउंड. एक मादी आयुष्यात दोनशेहून जास्त अंडी घालू शकते आणि मोठा ढेकूण उपाशीपोटी महिनोन् महिने काढू शकतो. म्हणून गादीचं कव्हर वर्षभर काढायचं नाही.

सगळ्यात अवघड काम वेगळंच होतं. ढेकूण भिंतीतल्या फटींमधून शेजारीही जातात, त्यामुळे सांगणं भाग होतं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाइप केला, खोडला, पुन्हा टाइप केला आणि डोळे मिटून सेंड केला. ग्रुपवर शांतता. पण रात्रीपर्यंत दोन शेजारणींचे खासगी मेसेज आले, ‘आमच्याकडेही आहेत गं. कुणाला बोलावलंस?’

आता हॉटेलात गेलो की बॅग पलंगावर न ठेवता आधी गादीचे कोपरे बघते. घरी परतल्यावर कपडे थेट मशीनमध्ये. आणि जुनं फर्निचर घेणार असाल तर फोटो काढण्याआधी स्क्रू काढा!

राहिला सासूबाईंना फोन. दुसऱ्या राउंडनंतर केला. ‘आई, मी तुमच्या गोधडीवर संशय घेतला. पिशवीत बांधून ठेवली होती.’ पलीकडे क्षणभर काही ऐकू येईना. मग त्या हसल्या. ‘अगं, आमच्या लहानपणी दर उन्हाळ्यात अंगणात खाटा काढून सांध्यांत उकळतं पाणी ओतायचो. सगळी आळीच ओतायची. लाजायचं काय त्यात? पण मला आधी विचारायचंस ना.’

‘हो आई,’ मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

गोधडी धुऊन, वाळवून परत पलंगावर आली आहे. निळा चौकोन नवऱ्याच्या बाजूला. पुढच्या महिन्यात आई येतायत. आल्या आल्या आधी गादी उचलून बघणार, असं त्यांनी बजावलंय. बघू देत. मी स्क्रूड्रायव्हर काढून ठेवलाय.