वेळ कोणाची?

आमच्या धाकट्या सूनबाईंनी नोकरी बदलण्याचा बेत घरात सांगितला, तेव्हा आमच्या कपाळास आठी पडली, हे कबूल केले पाहिजे. 2020 सालच्या टाळेबंदीपासून त्या घरी बसूनच संगणकावर कचेरीचे काम करीत. वेळही आपल्या सोयीने ठरविण्याची मोकळीक. असे असता नऊ ते सहाच्या कचेरीत जाण्यास निघणे आम्हांस धरसोडपणाचे वाटले, आणि तसे आम्ही बोलूनही गेलो.

त्या शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, माझी वेळ लवचीक आहे खरी, पण ती रोज दुसऱ्यांसाठीच वाकते."

दुधाचा हिशेब, गॅसचे सिलिंडर, अवचित आलेला पाहुणा, आमचा चारचा चहा, ही सर्व कामे 'ती काय, घरीच असते' एवढ्या एका वाक्यावर त्यांच्याकडे गेली होती. पाहुणा पुष्कळदा आमचाच असे. राहिलेले कचेरीचे काम मग रात्री साडेअकरापर्यंत चाले. नम् धातू आम्ही मुलांस पस्तीस वर्षे शिकविला. घरात त्याचा कर्ता कोण, हे मात्र कधी पाहिले नाही.

पुण्यास 1884 साली हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तेव्हा पुढे तिच्या अकरा ते पाच या वेळेवरही आक्षेप आले. मुलींनी घरकाम कधी करावे, हा त्यांतील एक मुद्दा. हे आम्ही वर्गात मोठ्या रंगाने सांगत असू, आणि आक्षेप घेणारांस हसतही असू!

सूनबाईंनी हिशेबही पक्का केला होता. तो त्यांनी आमच्या कुटुंबास सांगितला व तिने आम्हांस. प्रसूतीच्या रजेसाठी त्याच मालकाकडे आधीच्या बारा महिन्यांत निदान 80 दिवस काम झालेले असावे लागते. 2017 च्या दुरुस्तीने ही रजा पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी 12 ऐवजी 26 आठवड्यांची झाली, आणि 50 वा अधिक नोकर असतील तेथे पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. नव्या कचेरीतील पाळणाघर त्या स्वतः पाहून आल्या होत्या.

आम्ही उमेदीत तीन शाळा बदलल्या. प्रत्येक वेळी बिऱ्हाड बांधले ते कुटुंबाने. एका गावी तिची बालवाडीतील नोकरी त्यापायी सुटली. आम्हांस धरसोड्या कोणी म्हटले नाही. हे तीस बोलून दाखविले, तर भाजी निवडता निवडता ती नुसते "हं" म्हणाली.

सूनबाई आता नव्या कचेरीत जातात. चारचा चहा आम्ही करतो. साखरेचे प्रमाण अद्याप साधलेले नाही.