पत्ता काय सांगू?

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये एक गंमत झाली. म्हणजे गंमत इतरांची झाली, माझा घास घशातच अडकला. आमच्या टीममधल्या एका फ्रेशरने मित्राला टाळी देत म्हटलं, “हक से!” आणि मग दोघांनी मिळून एमसी स्टॅनची नक्कल सुरू केली. मान तिरकी, शब्द अर्धे गिळलेले, मधूनच एखादं ‘शेमडी’. टेबलावरची पोरं हसून लोळायची बाकी होती. नक्कल तशी बरी होती. पण उच्चार चुकत होते आणि ते चुकतायत हे त्या टेबलावर फक्त मला कळत होतं.

कारण ती भाषा माझी आहे. मी ताडीवाला रोडचा. हे तीन शब्दांचं वाक्य मी अकरा वर्षांच्या नोकरीत ऑफिसमध्ये एकदाही उच्चारलं नव्हतं.

तुम्ही पुण्यात राहत असाल तर तुम्हाला हा रस्ता ऐकून माहीत असेल, बघून नाही. पुणे स्टेशनच्या मागे, एकीकडे रेल्वेचे रूळ, दुसरीकडे नदी आणि मधे आम्ही. कोरेगाव पार्क बाइकवरून अगदी जवळ. खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीकाठच्या घरांत सगळ्यात आधी टीव्ही उचलला जातो, मग पीठ, मग म्हातारी माणसं. आमच्या रस्त्याचं नाव पेपरात यायचं ते दोनच कारणांनी, पूर किंवा पोलीस. त्यामुळे पहिल्याच इंटरव्ह्यूला एचआरच्या मॅडमनी “कुठे राहता?” विचारलं तेव्हा मी म्हणालो, “कोरेगाव पार्कच्या जवळ.” “ओह, नाइस!” त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं हो ते! पण त्या ‘नाइस’ची चटक लागली. नाइट शिफ्टची कॅब मी कायम मोठ्या रस्त्यावर, एका हॉस्पिटलच्या गेटपाशी सोडायला लावायचो. “आत खड्डे आहेत” म्हणायचो आणि पुढचं अंतर चालत जायचो. जिभेचंही तसंच. आरशासमोर उभं राहून ‘पाणी’तला ‘ण’ घोटला, ‘मेरेको’चं ‘मुझे’ केलं. आता क्लायंट कॉलवर मी इतकं गुळगुळीत बोलतो की मी कुठला हे कोणालाच कळत नाही. मलाही.

आणि त्याच रस्त्यावरचा, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेला अल्ताफ शेख. जन्म १९९९ चा. मी त्याला ओळखत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण आता वस्तीत ज्याला विचाराल तो त्याचा लंगोटीयार असतो. लहानपणी कव्वाली गाणारा हा मुलगा पुढे रॅपकडे वळला. नाव घेतलं स्टॅन. एमिनेमच्या २००० सालच्या गाण्यातल्या वेड्या फॅनचं हे नाव. २०१९ मध्ये ‘अस्तगफिरुल्लाह’ आलं, तेव्हा भाच्याने मला ते मोबाइलवर जबरदस्तीने ऐकवलं. मी दीड मिनिटात बंद केलं. म्हटलं, हे काय बरळणं? खरं कारण वेगळं होतं. मला त्यातलं सगळं कळत होतं.

रॅप मला नवीन नव्हतं. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये चक्क आयपॅडवर ‘आफत’ केलं होतं. डिव्हाइनच्या जोडीने त्याचं ‘मेरे गली में’ २०१५ मध्ये आलं आणि २०१९ च्या ‘गली बॉय’नंतर तर आमच्या ऑफिसच्या अॅन्युअल डेलाही रॅप झालं! पण मुंबईचं ते रॅप तुमच्याकडे तोंड करून बोलतं. गोष्ट सांगतं, समजावून सांगतं. स्टॅनचं तसं नाही. तो स्वतःच बीट बनवतो, त्यावर आवाज ऑटोट्यूनमध्ये घोळवतो आणि निम्मे शब्द खाऊन टाकतो. हिंदी, उर्दू, मराठी सगळं एका ताटात. ती ‘शेमडी’ म्हणजे आपली मराठी ‘शेंबडी’च की! कळलं तर कळलं, नाही तर तुमचं तुम्ही बघा. आयुष्यभर समोरच्याला कळेल असं बोलायचा सराव केलेल्या माझ्यासारख्याला हा माज आधी डोक्यात गेला. आवडायला वेळ लागला.

२०२० मध्ये त्याचा अल्बम आला, ‘तडीपार’. १९५१ च्या पोलीस कायद्यात कलम ५६ आहे. त्याखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. तुम्हाला हा शब्द बातम्यांमधून कळला असेल. आमच्याकडे शेजारच्या काकू नुसतं म्हणायच्या, “तो सध्या गावाला गेलाय.” सगळ्यांना कळायचं, कोणी पुढे विचारायचं नाही. जो शब्द आमच्या आयांनी झाकून ठेवला, तो या पोराने अल्बमवर नाव म्हणून छापला! मी मात्र लग्नानंतर खराडीत भाड्याने फ्लॅट घेतला आणि सुटलो. आई-बाबा यायला तयार नाहीत.

मग ‘बिग बॉस’. १२ फेब्रुवारी २०२३, रविवार. फायनल बघायला मी मुद्दाम आईकडे गेलो होतो. आमच्या घरात उभी फूट होती. आईचा जीव अमरावतीच्या शिव ठाकरेवर, भाचा स्टॅनवाला. आठवड्यामागून आठवडे ‘मला घरी जायचंय’ असा चेहरा करून बसलेला स्टॅन जिंकला, शिव दुसरा आला. ३१ लाख ८० हजार रुपये आणि एक गाडी! बाहेर फटाके फुटत होते. त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांची तेव्हा देशभर चर्चा होती. आई म्हणाली, “ऐंशी हजारांत आपलं वरचं छत झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये कोणीतरी विचारलं, “हा ताडीवाला रोड आहे तरी कुठे?” कोणीतरी उत्तर दिलं, “स्टेशनच्या मागे. रात्री जाऊ नका.” मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसलं. आठ तासांपूर्वी मी तिथे होतो, रात्री, पेढा खात.

त्याचं सगळंच मला पटतं असं समजू नका. मार्च २०२३ मध्ये इंदूरला त्याचा शो विरोधामुळे रद्द झाला, तेव्हा दंडेली करणाऱ्यांचा मला राग आला होता. पण गाण्यांमधून बायकांबद्दल जे येतं त्याचं काय? माझी बहीण त्याच गल्लीत वाढली. ती म्हणते, “शाळेत जाताना हेच ऐकत गेलेय मी. आता डेटा खर्चून परत कशाला ऐकू?” यावर मला उत्तर सुचलेलं नाही. भाच्यालाही नाही, पण तो हेडफोन लावतो आणि विषय संपवतो.

तर परवा, कँटीनमध्ये. त्या फ्रेशरने तिसऱ्यांदा ‘शेमडी’चा सत्यानाश केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “असं नाही रे!” आणि मग मी म्हणून दाखवलं. नुसता तो शब्द नाही, पुढची दोन वाक्यंही, नववीत असताना नाक्यावर बोलायचो तश्शी. जीभ काही विसरली नव्हती. टेबल गप्प.

“सर, तुम्हाला हे कसं येतं?”

‘कोरेगाव पार्कच्या जवळ’ हे ओठांवर आलं होतं, सवयीने. पण म्हणालो, “ताडीवाला रोडचा आहे मी. आई-बाबा अजून तिथेच असतात.”

एक क्षण शांतता. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी ताटातल्या डाळीकडे बघत बसलो. तर तो पठ्ठ्या म्हणतो, “काय सांगता सर! मग स्टॅनचं घर दाखवाल?”

अकरा वर्षं जे लपवलं त्याची किंमत ही! हसावं की चिडावं कळेना. म्हटलं, “त्याचं नाही माहीत. माझं दाखवतो.”

शनिवारी चौघं येतायत. आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, “ये, पण आधी तो पंखा दुरुस्त करून घे.”