एरिक डॉल्फीची बासरी

लॉस एंजेलिसच्या घरी जॅझवादक एरिक डॉल्फी वाजवायला बसला की बाहेरचे पक्षी शीळ घालू लागत, आणि हातातला रियाज बाजूला ठेवून तो त्यांच्याबरोबर वाजवू लागे. १९६२ साली ‘डाउनबीट’ मासिकाशी बोलताना त्याने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. पक्ष्यांचे सूर आपल्या सुरांच्या अधेमधे असतात, एफ आणि एफ शार्पच्या मधे कुठेतरी, आणि भारतीय संगीतातही असंच काहीतरी आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मैफलीत बसणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दरबारीचा गंधार पेटीच्या पट्टीत सापडत नाही, हे त्याच्या कानाला ठाऊक असतं. पण डॉल्फीच्या हातात होती धातूची, चाव्यांची पाश्चात्त्य बासरी. तिथे प्रत्येक सुराची जागा आधीच ठरलेली. अधलामधला सूर काढायचा तर बासरी ओठांवर किंचित आत-बाहेर फिरवायची, फुंकेचा कोन बदलायचा आणि सूर हवा तेवढाच चढवायचा किंवा उतरवायचा. डॉल्फी हे भर वेगात करतो.

बासरी धरून त्याची वाद्यं तीन. आल्टो सॅक्सोफोनवर तो एका सुरावरून थेट दूरच्या सुरावर झेप घेतो. मधल्या पायऱ्या गाळतो, पण खालची सुरावट कधी सोडत नाही. बास क्लॅरिनेट तर माणसासारखी बोलते. चार्ल्स मिंगसबरोबरच्या १९६० च्या ‘व्हॉट लव्ह’मध्ये तिचं आणि मिंगसच्या बासचं चक्क भांडण होतं: प्रश्न, उलट उत्तर, चिडणं, समजूत काढणं. नोव्हेंबर १९६१ मध्ये एका समीक्षकाने सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि डॉल्फीच्या वादनाला ‘जॅझविरोधी’ ठरवलं. ‘व्हॉट लव्ह’मधलं भांडण कान देऊन ऐकलेल्या माणसाला ते कधीच पटणार नाही.

१९५९ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि स्वतःच्या नावाची पहिली तबकडी त्याने एप्रिल १९६० मध्ये ध्वनिमुद्रित केली. त्यानंतर हातात उणीपुरी चारच वर्षं. एवढ्या अवधीत मिंगस, कोल्ट्रेन, ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमधल्या त्या रात्री! तिथे ट्रम्पेटवर साथीला असलेला बुकर लिटल काही महिन्यांतच, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी गेला. फेब्रुवारी १९६४ मध्ये ‘आउट टू लंच’ ध्वनिमुद्रित झाली. तीत एक रचना इटलीचे बासरीवादक सेव्हेरिनो गात्सेलोनी यांच्या नावाने आहे. जाणकार याच तबकडीला त्याचं शिखर मानतात. असेलही. पण डॉल्फीची ओळख करून घेणाऱ्याच्या हाती मी ती आधी देणार नाही.

मी देईन ‘लास्ट डेट’. २ जून १९६४, हॉलंडमधलं हिल्व्हरसम, साथीला मिशा मेंगेलबर्ग, जॅक स्कोल्स आणि हान बेनिंक हे डच त्रिकूट. त्यातलं ‘यू डोन्ट नो व्हॉट लव्ह इज’ अकरा मिनिटांहून मोठं आहे आणि ते सबंध बासरीचं आहे. सुरुवातीला ठेका नाही. डॉल्फी आलापासारखा हळूहळू सूर उलगडत येतो. फुंकेतली हवा ऐकू येते, लांब सूर टोकाशी जरासा थरथरतो. मग लय सुरू झाल्यावर त्याच सुरावटीतून इतक्या किलबिलत्या, इतक्या लगबगीच्या ताना निघतात, की लॉस एंजेलिसचे ते पक्षी आठवावेतच. एका जुन्या प्रेमगीतात एवढं दुःख आणि एवढी चपळाई एकत्र नांदताना मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला बर्लिनमध्ये मधुमेहाच्या कोमात त्याचा मृत्यू झाला. वय ३६. ‘आउट टू लंच’ बाजारात आली ती त्याच्यामागे. त्याची बासरी आणि बास क्लॅरिनेट आईवडिलांनी कोल्ट्रेनला दिली. फेब्रुवारी १९६७ मध्ये कोल्ट्रेनने ‘टू बी’ ध्वनिमुद्रित केलं, ते सॅक्सोफोन बाजूला ठेवून, याच बासरीवर. डॉल्फीची सफाई त्यात शोधू नये. कोल्ट्रेनचा मुख्य हात सॅक्सोफोनवरचा. पण ‘लास्ट डेट’ संपली की लगेच हेच लावावं, मधे तिसरं काही ऐकू नये.