डाव्या मुठीतला क्लच

गिअरच्या मुठीला लगटून बसलेला एक सडपातळ लिव्हर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मोटारसायकलचा क्लच कारमध्ये कसा काय आला? पण तो वाट चुकून आलेला नाही, मुद्दाम बोलावून आणलेला आहे. ज्यांचा डावा पाय पेडल दाबू शकत नाही, त्यांच्या गाडीत पायाचा भार हातावर घेणारा हा हँड क्लच. अबोल, कष्टाळू आणि स्वभावाने थोडा तापट.

त्याचं काम ऐकायला सोपं आहे. इंजिनाच्या फ्लायव्हीलला क्लच प्लेट स्प्रिंगच्या जोराने चिकटून फिरत असते. बोटांनी लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, खाली पेडल बसतं, प्रेशर प्लेट ढिली पडते आणि क्लच प्लेट मोकळी होते. त्याच क्षणी तळहात गिअर पुढे सारतो आणि मग बोटं हळूहळू उघडतात. दाबायला जोर लागतो, पण याचं सगळं कसब सोडण्यात आहे. एकदम सोडलात तर गाडी गचका खाऊन बंद पडते. उगाच अर्धवट धरून ठेवलात तर प्लेट घासते आणि जळका वास सुटतो. इंजिनाने जोर घेतल्याचा जो नेमका बिंदू असतो, त्याला आपण हाफ क्लच म्हणतो. तो पायाला तळव्यातून कळतो. इथे तो बोटांच्या पेरांना शिकवावा लागतो. एकदा शिकली की पेरं तो विसरत नाहीत.

आणि आपल्याकडच्या डाव्या हाताला हे शिक्षण नवं कुठे आहे? १९७२ साली आलेल्या बजाज चेतकने ते घराघरांत पोचवलं. त्या स्कूटरवर क्लच डाव्या मुठीत, आणि गिअर टाकायचा तो तीच मूठ पिळून. दोन्ही कामं एकाच हाताने करत लोकांनी मुलाबाळांसह घाट चढले. कारमध्ये क्लच पायाखाली गेला तो मांडीचे स्नायू दणकट असतात म्हणून, आणि तिथे जागा होती म्हणून. पायानेच दाबला पाहिजे असं क्लचचं स्वतःचं काही म्हणणं नाही.

या कुळात मंडळी तीन प्रकारची. सगळ्यात साधा, तो पेडलला बोल्टने आवळलेला आणि वर हाताशी आणलेला लोखंडी दांडा. काम चोख, पण सगळा जोर दंडाचा. दुसरा केबलवाला, गिअरच्या मुठीशी बसणारा. तो नीटस आहे, पण तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलात की बोटं भरून येतात, आणि केबल जरा ताणली गेली की फ्री प्ले, म्हणजे लिव्हरची मोकळी हालचाल, पुन्हा जुळवून घ्यावी लागते. तिसरा व्हॅक्यूमचा. चालू इंजिनातली हवेची ओढ वापरून तो पेडल खेचतो. बोटांनी फक्त इशारा द्यायचा. तिघांचाही एक मोठा गुण आहे. ते मूळ पेडल काढून टाकत नाहीत. लेक पायाने गाडी चालवते, वडील हाताने, आणि गाडी तीच.

याची खरी परीक्षा चढावर होते. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे गिअर आणि हँडब्रेक दोन्ही डाव्या हाताच्या वाट्याला. आता त्याच हातात क्लचही आला. चढावर सिग्नल सुटतो, मागे रिक्षा जवळजवळ चिकटून उभी असते, आणि हँडब्रेक सोडायला हात मोकळा नसतो. अशा वेळी उजवा पाय ब्रेकवरच ठेवायचा. बोटं अंमळ उघडायची, बॉनेट किंचित वर उचललं जाईपर्यंत. इंजिनाचा आवाज जड झाला की पाय ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर. गाडी तसूभरही मागे न सरता पुढे निघते. ज्यांचे दोन्ही पाय साथ देत नाहीत, त्यांच्या उजव्या हाताकडे ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरचा आणखी एक लिव्हर असतो, आणि स्टिअरिंगही तोच हात फिरवतो. असं चालवणाऱ्याला कुणी बिचारा म्हणू नये. तो तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कुशल ड्रायव्हर असतो.

या लिव्हरला हाती धरणाऱ्यांत पोलिओ झालेली एक मोठी पिढी आहे. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ आली. क्लच दाबायचं-सोडायचं काम यंत्रणेवर सोपवणारा एएमटी गिअरबॉक्स तिने मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला. म्हणजे एकाच वर्षात एका आजाराचा निरोप झाला आणि क्लचचं पेडलच नसलेली परवडणारी गाडी दारात आली. मग हँड क्लचचं काम संपलं का? नाही. पोलिओ गेला तरी ती पिढी आपल्यात आहे, आणि रस्त्यावरचे अपघात रोज नवे पाय निकामी करत आहेत. दारात उभी असलेली जुनी मॅन्युअल गाडी विकून नवी घेणं प्रत्येकाला झेपत नाही.

कायदाही आता थोडा जवळ आला आहे. मोटार वाहन कायद्यातली जुनी व्याख्या अपंगांसाठी मुळातूनच खास बांधलेल्या वाहनापुरती होती. नंतर बदल करून घेतलेली गाडी तिच्यात बसत नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गाडीलाही जागा दिली. किट बसवल्यावर आरटीओकडून पासिंग करून घ्यावं, आरसीवर नोंद करून घ्यावी आणि मग निर्धास्त निघावं.

एक मागणी मात्र ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्यांकडे आहे. शिकवणाऱ्याच्या पायाखाली तुम्ही जादा पेडल बसवताच. मग शिकणाऱ्याच्या हाताशी एक लिव्हरही बसवा. प्रत्येक तालुक्याच्या गावी अशी एक तरी गाडी असावी. लिव्हर तयार आहे, हात तयार आहेत. शिकायला गाडी तेवढी हवी.